डागांसकट पान

प्रश्न : नव्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलामागची भिंत मोकळी आहे. तिथे जुन्या पाककृतींच्या पुस्तकांतली पानं फ्रेम करून लावावीत असं मनात आहे. सासूबाईंच्या जुन्या 'रुचिरा'ची बांधणी गेलीय, पानं सुटलीच आहेत. तीच लावली तर? आणि सोबत आणखी कुठली पानं शोभतील?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पानं सुटलेली असली, तरी भिंतीवर त्यांची प्रत लावा, मूळ पानं कपाटातच बरी. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली, आणि त्या काळातल्या पुस्तकांना वापरलेला कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निनला उजेड सोसत नाही. कागद आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि शेवटी पापडासारखा मोडतो. संग्रहालयांत असे नाजूक कागद साधारण ५० लक्स उजेडात ठेवतात. बाल्कनीलगतच्या भिंतीवर दुपारी त्याच्या कितीतरी पट उजेड असतो.

प्रत मात्र नीट काढा. पान दुप्पट लांबी-रुंदीचं करायचं असेल, तर स्कॅन ६०० डीपीआयवर घ्या. स्कॅन झाल्यावर दुकानातला मुलगा कागद पांढराशुभ्र करून देऊ का विचारेल. त्याला नको म्हणा. हळदीचं बोट, तेलाचा पारदर्शक ठिपका, समासात पेन्सिलीनं लिहिलेलं 'मीठ कमी' असं काही असेल, तर त्याच पानाला भिंतीवर जागा आहे. कोरं, न हाताळलेलं पान म्हणजे त्या घरात कधीच न झालेला पदार्थ. म्हणूनच मला नुसती मुखपृष्ठं लावलेली भिंत आळशी वाटते.

छपाई मॅट कागदावर आणि पिगमेंट शाईत करून घ्या, म्हणजे रंग लवकर उडणार नाहीत. फ्रेमवाल्याकडे दोन गोष्टींवर अडून बसा. काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची जाडी हवी, नाहीतर पावसाळ्यात दमट हवेनं कागद काचेला चिकटतो. आणि कागद मागच्या पुठ्ठ्यावर खळ लावून डकवायचा नाही, वरच्या बाजूनं नुसता टांगता ठेवायचा. हे मी शिकले ते नुकसान करून घेऊन. आईच्या अक्षरातलं भाजणीचं प्रमाण एका फ्रेमवाल्यानं मोठ्या प्रेमानं साध्या पुठ्ठ्यावर सपाट चिकटवून दिलं. दोन पावसाळ्यांत त्यावर तपकिरी ढग उमटले आणि 'धणे'च्या पुढचा आकडा गेला. आता दरवर्षी धणे अंदाजाने.

सोबतीला काय? आपल्याकडचं म्हणाल, तर रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ सालच्या 'सूपशास्त्र'चं पान मिळालं तर जरूर लावा. छापील मराठी पाकपुस्तकांत ते अगदी आरंभीचं. पाहुण्यांची मुलं सुपाच्या रेसिपी शोधत बसतील. तेव्हा संस्कृतात सूप म्हणजे वरण, आणि सूपकार म्हणजे आचारी, हे सांगायची आयती संधी. दशमान वजनांचा कायदा १९५६चा. त्याआधीच्या कुठल्याही पाकपुस्तकात शेर, अच्छेर, नवटाक, तोळा अशी मापं भेटू शकतात, आणि अशा पानापाशी माणसं थांबतात. पावशेर तेवढा अजून मंडईत जिवंत आहे.

रंग हवा असेल, तर माझी पहिली पसंती 'निमतनामा'ला. माळव्यातल्या मांडूच्या गियासुद्दीन शाहसाठी, म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीस, याची सुरुवात झाली आणि मुलगा नासिरुद्दीनच्या काळात तो पुरा झाला. हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, त्यात ५० चित्रं आहेत. मिशीवाला सुलतान निवांत बसलाय, भोवती बायका हंड्यांत ढवळताहेत, कुणी ताट पुढे करतंय. एका पानावर चक्क सामोसे. लिपी वाचता आली नाही तरी काय चाललंय ते कळतं. जेवताना कुणी विचारलंच, तर सांगा की या स्वयंपाकघरात मिरची नाही, बटाटाही नाही. दोन्ही अजून समुद्रापलीकडेच होते. सामोशात मग काय, यावर वाद घालत एक जेवण सहज निघेल.

स्वयंपाकघराच्या दारालगत बार्तोलोमेओ स्कापीच्या 'ओपेरा'तली चित्रं शोभतील. पोपच्या या आचाऱ्याचा ग्रंथ व्हेनिसला १५७० साली छापला गेला. त्यात सुऱ्या, चाळण्या, कढया, शेगड्या यांचीच पानंच्या पानं काळ्या रेघांत कोरलेली आहेत. मिसेस बीटन यांच्या १८६१च्या पुस्तकातली जेली-पुडिंगांची रंगीत पानं बाजारात सुटी मिळतात, पण ती बहुतेकदा जुन्या आवृत्त्या फाडून काढलेली असतात. मी घेत नाही.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, त्यामुळे 'रुचिरा' अजून हक्काखाली आहे. स्वतःच्या पुस्तकाची स्वतःच्या भिंतीपुरती एक प्रत काढायला हरकत नाही. छापून मैत्रिणींना विकायला लागू नका.

फ्रेम गॅसजवळ नको, काचेवर तेलकट थर बसतो. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवरही नको. मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की हवा खेळती राहते. आणि खिळा नेहमीपेक्षा वीतभर खाली ठोका, कारण इथे बघणारा खुर्चीत बसलेला असतो. मूळ पानं सासूबाईंना विचारून क्रमाने लावा आणि पुन्हा बांधून घ्या. दिवाळीला चकलीचं पान त्यांना लागेलच.