ज्येष्ठांचा मधुमेह : आहार-व्यायामाचा ताळेबंद

मधुमेह म्हणजे रक्तातील साखर वाढणे, एवढीच सर्वसाधारण समजूत असते. उतारवयात मात्र औषधे चालू असताना साखर एकदम उतरणे हेही तितकेच घातक ठरते. म्हणूनच ज्येष्ठांचे पथ्य म्हणजे उपासमार नव्हे; जमा आणि खर्च यांचा मेळ होय.

आहार : जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा, पाव भाग भाकरी, पोळी वा भाताचा आणि उरलेला पाव भाग वरण, उसळ, अंडी अशा प्रथिनयुक्त पदार्थांचा असावा. वयोमानानुसार स्नायू झिजतात व साखर सामावून घेणारे शरीराचे कोठारच लहान होते. प्रथिने तोडल्यास ही झीज वाढते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

उपवास : एकादशीस गोळी वा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेऊन दिवसभर उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. पुढे साबुदाण्याच्या खिचडीने ती झपाट्याने चढते, कारण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. उपवासापूर्वी औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

व्यायाम : आठवड्यातून पाच दिवस, रोज ३० मिनिटे चालावे. एकदम न जमल्यास प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालावे. भिंतीलगत ठेवलेल्या भक्कम खुर्चीतून सावकाश उठण्या-बसण्याने मांड्यांना बळ येते व पडण्याचा धोका घटतो. पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. अनवाणी चालू नये व तळवे रोज तपासावेत.

धोक्याची सूचना : घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, तोल जाणे ही लक्षणे ‘वयामुळे होते’ म्हणून सोडून देऊ नयेत. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडावाटे काहीही न देता त्वरित रुग्णालयात आणावे.

तीन महिन्यांच्या सरासरीची, म्हणजे एचबीए१सी तपासणीची मर्यादा सर्वांना सारखी नसते. धडधाकट ज्येष्ठांसाठी ती साधारणतः ७ ते ७.५ टक्क्यांच्या आत, तर अनेक व्याधी असलेल्यांसाठी ८ टक्क्यांपर्यंत शिथिल ठेवतात. आपल्या घरातील ज्येष्ठांचा आकडा कोणता असावा, हे पुढील तपासणीच्या वेळी कुटुंबीयांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे, ही विनंती.