लख्ख टाकी, मेलेले मासे

माझ्या हातून नऊ गोल्डफिश मेले. ते उपाशी राहून गेले नाहीत, घाणीनेही नाही. माझ्या टापटिपीने गेले.

मे महिन्यात लेकीला सुट्टी लागली म्हणून दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी टाकी घेतली. दुकानदाराने वास्तूच्या हिशेबाने मासे बांधून दिले: आठ केशरी, एक काळा. काळा म्हणे घरावरचं संकट स्वतःच्या अंगावर घेतो. वर ‘हा टाकी साफ ठेवेल’ म्हणून एक सकर मासा. दुपारी पाणी भरलं, क्लोरीन काढायचे थेंब टाकले, संध्याकाळी मासे सोडले आणि जेवणं उरकून सगळं घर टाकीसमोर बसलं.

तिसऱ्या दिवसापासून मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. लेक म्हणाली, “बाबा, भूक लागलीय त्यांना.” मी चिमूटभराचे दोन चिमटी दाणे केले. दोन दिवसांत पाणी दुधट झालं. मग काय, रविवारी मासे बादलीत काढले, टाकी उपसली, खडी तांदळासारखी तीन पाण्यांतून धुतली आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने असा घासला की दुकानातून आत्ताच आणलाय असं वाटावं. बुधवारी दोन मासे तळाशी आडवे. पुढच्या रविवारी मी आणखी जोर लावून घासलं. असे पाच रविवार गेले. काळा सातवा गेला. एवढी संकटं त्याच्याही अंगावर मावली नसावीत. आई एवढंच म्हणाली, “अरे, मुके जीव आहेत. सांगता येत नाही त्यांना.”

खरं तर ते सांगत होते, मलाच कळत नव्हतं. आमच्या मजल्यावरचे निवृत्त रसायनशास्त्राचे सर एक लहान पेटी घेऊन आले. परीक्षानळीत टाकीतलं पाच मिली पाणी घेतलं, दोन बाटल्यांतले मोजून थेंब टाकले, हलवून पाच मिनिटं ठेवलं. “पिवळं राहिलं तर ठीक,” ते म्हणाले. आरशासारखं दिसणारं ते पाणी आधी पोपटी झालं, मग गडद हिरवं. अमोनिया. मासे भुकेने वर येत नव्हते; त्यांचे कल्ले जळत होते, श्वास घेता येत नव्हता. उरलेले दोघे त्याच आठवड्यात गेले.

सरांनी समजावलं ते असं. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सतत बाहेर टाकतात. विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजून त्यात भर पडते. एका प्रकारचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना बरंच सुसह्य. हे जिवाणू मुख्यतः पाण्यात नव्हे, स्पंजवर आणि खडीवर चिकटून राहतात, आणि त्यांचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. “पाणी बदललंत तेवढा दिवस मासे सुटले,” सर म्हणाले, “पण ज्यांनी रोज पाणी शुद्ध करायचं, त्यांचं घर तुम्ही दर रविवारी क्लोरीनच्या नळाखाली घासून काढलंत.”

म्हणून नव्याने टाकी आणणाऱ्यांना माझे अनुभवाचे बोल.

पहिला महिना टाकीत मासेच नकोत. पाणी भरा, क्लोरीन काढा, फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका. ते कुजून जिवाणूंची सोय होते. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा मिळाला तर सोनंच. दुधाला विरजण लावावं तसा तो काम करतो. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच दुकानात जा, आणि तेव्हाही दोन-चारच मासे आणा.

मासे वास्तूच्या हिशेबाने नव्हे, लिटरच्या हिशेबाने घ्या. एक घनफूट म्हणजे साधारण 28 लिटर. माझी टाकी 70 लिटरची. गोल्डफिश वीतभर वाढतो आणि घाणही भरपूर करतो. तिथे एखाद-दुसरा ठीक होता, मी नऊ कोंबले. शिवाय 70 लिटर म्हणजे 70 किलो नुसतं पाणी. काच आणि खडी वेगळी. टीव्हीच्या कपाटावर टाकी ठेवू नका, आणि खिडकीतल्या उन्हातही नको, शेवाळ माजेल.

खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. एखादा दिवस विसरलात तर मासा मरत नाही. जास्त घातलंत तर मरतो.

आठवड्याला पाव टाकी पाणी सायफनच्या नळीने खडीतला गाळ ओढत काढा आणि तेवढंच, क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी भरा. सगळी टाकी कधीच रिकामी करू नका. स्पंज धुवायचा तो त्या काढलेल्या पाण्यातच, दोनदा पिळून. साबण अजिबात नको. खोलीत डास मारायचा स्प्रे उडवू नका. त्यातली औषधं माशांना फार घातक असतात.

आणि तो सकर? तो सगळ्यांना पुरून उरला. सफाई कामगार म्हणून आलेला हा गडी शेवाळ खातो खरा, पण घाण त्याहून जास्त करतो आणि दीड फुटापर्यंत वाढतो. गावाबाहेरच्या तलावात सोडून द्यावा असं माझ्याही मनात आलं होतं. असेच सोडलेले सकर आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडतात, हे सरांनी सांगितलं तेव्हा तो मुकाट दुकानात परत केला.

आता टाकीत सहा गप्पी आहेत, सगळे नर. जोड्या आणल्या तर महिन्याभरात पिल्लांचा सुळसुळाट. स्पंज तपकिरी, बुळबुळीत झालाय. परवा आई टाकीजवळ उभी राहून म्हणाली, “अरे, हे गबाळं कधी धुणार?” मी काही बोलायच्या आत लेक पुढे झाली: “आजी, त्याला हात लावायचा नाही. मासे त्याच्यावरच जगतात.”