आरंभाची वीस अक्षरे

2020 सालच्या मार्च महिन्याची अखेर होती. कोल्हापूर जिल्ह्यातील पेठ वडगाव हे बाजाराचे गाव. परंतु देशभर टाळेबंदी असल्यामुळे पेठ ओस पडली होती. घरात कोणी खोकले, तरी इतरांच्या काळजात धस्स होई. हे साधे पडसे, की कोरोना? लक्षणांवरून निर्णय होत नसे. घशातील किंवा नाकातील स्रावाचा नमुना प्रयोगशाळेत धाडावा लागे. रोग्यास वेगळे ठेवावयाचे की नाही, हे त्या उत्तरावर अवलंबून असे.

अशा नमुन्यात विषाणू असलाच, तरी तो अत्यल्प असतो. त्याची खूण पटावी म्हणून त्याच्या जनुकद्रव्याच्या असंख्य प्रती काढाव्या लागतात. कोरोना विषाणूचे जनुकद्रव्य आरएनए हे होय. त्यावरून प्रथम डीएनए तयार करतात. डीएनए ही जणू ए, टी, जी व सी या चार अक्षरांची लिपी आहे. तिच्या दोन पदरांत एसमोर टी आणि जीसमोर सी असतो. एक पदर पाहून त्याचा जोडीदार घडविण्याचे काम पॉलिमरेज नावाचे विकर करते. तथापि या विकराला एक मर्यादा आहे. पहिले अक्षर त्याला स्वतः मांडता येत नाही. आधी जुळलेल्या तुकड्याच्या टोकापुढेच ते अक्षरे जोडीत जाते.

वर्गात कविता म्हणावयास उभा राहिलेला विद्यार्थी कधी कधी अडखळतो. गुरुजींनी आरंभीचे दोन शब्द सांगताच तो पुढे म्हणू लागतो. गुरुजींनी तिसऱ्या कडव्याचे शब्द सांगितले, तर तो तेथूनच प्रारंभ करतो. डीएनएच्या बाबतीत गुरुजींचे हे काम प्रायमर करतो. काम सुरू करून देणे आणि ते कोठून सुरू व्हावयाचे हे ठरविणे, ही दोन्ही कर्तव्ये त्याचीच.

प्रायमर म्हणजे प्रयोगशाळेत घडविलेला, सुमारे 20 अक्षरांचा डीएनएचा तुकडा. चार अक्षरे 20 जागी एक लक्ष कोटींहून अधिक प्रकारांनी मांडता येतात. म्हणूनच विचारपूर्वक निवडलेला प्रायमर आपल्या नेमक्या जागीच जुळतो.

नमुना सुमारे 95 अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, की डीएनएचे पदर सुटे होतात. तो 55 ते 60 अंशांपर्यंत निवविला, की हव्या असलेल्या भागाच्या दोन टोकांना दोन प्रायमर चिकटतात. मग विकर त्यांच्यापुढे अक्षरे जोडते. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होत गेल्या, तर 30 फेऱ्यांत एकीच्या 107 कोटींहून अधिक प्रती होतात! या पद्धतीस पीसीआर म्हणतात. 1971 साली हरगोविंद खुराना व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन प्रायमर वापरण्याची कल्पना मांडली होती. 1983 मध्ये कॅरी मलिस यांनी ही पद्धत शोधून काढली. त्यांना 1993 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

डीएनएची अक्षरे क्रमाने वाचण्यासाठीही प्रायमर उपयोगी पडतो. 1977 साली फ्रेडरिक सँगर यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत एकच प्रायमर पुरतो. त्याच्यापासून निघालेल्या प्रती निरनिराळ्या अक्षरांवर थांबवितात आणि त्या लांबीनुसार लावून मजकूर वाचतात.

पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था 1952 पासून विषाणूंचा अभ्यास करीत आहे. 30 जानेवारी 2020 रोजी भारतातील पहिल्या कोरोना रुग्णाचे निदान जाहीर झाले, ते तेथील परीक्षेवरून. परंतु विषाणूची अक्षरे बदलत राहतात. प्रायमरच्या जागीच बदल झाला, तर विषाणू असूनही तो न सापडण्याचा संभव असतो. यासाठी बहुतेक चाचण्या विषाणूचे दोन किंवा अधिक भाग तपासतात, आणि शास्त्रज्ञ त्याची अक्षरे पुनःपुन्हा वाचून प्रायमर अद्याप जुळतो ना, याची खात्री करून घेतात. एखाद्या घराला मिळणारा धीर अथवा इशारा खरा ठरावा, यासाठी ही दक्षता आवश्यक असते.

स्वाध्याय

1. पॉलिमरेज विकराला प्रायमरची गरज का भासते?
2. प्रायमरला गुरुजींची उपमा कोणत्या दोन कारणांनी दिली आहे?
3. चाचणीत विषाणूचे एकाहून अधिक भाग का तपासतात?
4. वाक्यात उपयोग करा : ओस पडणे, काळजात धस्स होणे, खूण पटणे.