तुकारामी कोळी

जाळे विणून भक्ष्याची वाट पाहणारा कोळी सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु सर्वच कोळी जाळे पसरीत नाहीत. मूल गावातील घराची भिंत असो की ठाण्यातील बागेचे कुंपण असो, उन्हाच्या वेळी तेथे थबकत थबकत चालणारा एक लहानसा कोळी दृष्टीस पडतो. माशी दिसताच तो मांजरासारखा दबकत जवळ जातो व एकाएकी तिच्यावर झेप घेतो. झेपेपूर्वी तो रेशमाचा धागा भिंतीला चिकटवितो. त्यामुळे नेम चुकला तरी तो खाली पडत नाही, धाग्याला लोंबकळतो. त्याला आठ डोळे असतात. समोरचे मधले दोन चांगलेच मोठे.

या उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळात सहा हजारांहून अधिक जाती आहेत. मग हाती आलेला कोळी नव्या जातीचा आहे, हे ओळखावे कसे? डोळ्यांच्या मांडणीवरून कूळ कळते. जात कळणे मात्र कठीण. रंगावर विसंबून चालत नाही. पुष्कळदा एकाच जातीचे नर व मादी इतके निराळे दिसतात की, पूर्वीच्या अभ्यासकांनी कधी कधी त्यांना दोन जाती मानले! म्हणून पूर्ण वाढलेला कोळीच तपासावा लागतो. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड स्पर्शपाद असतात. त्यांच्या टोकांची घडण जातीजातीत वेगळी असते. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिचे चित्र काढतात आणि जुन्या वर्णनांशी ताडून पाहतात. ही वर्णने थेट स्वीडनच्या क्लर्क यांच्या १७५७ सालच्या ग्रंथापर्यंत मागे जातात.

ठाणे परिसरात सापडलेला असाच एक कोळी कोणत्याही जुन्या वर्णनाशी जुळला नाही. ध्रुव प्रजापती, जॉन केलब, सोमनाथ कुंभार व राजेश सानप या अभ्यासकांनी २०२१ साली त्याचे वर्णन एका रशियन नियतकालिकात प्रसिद्ध केले. शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचा, तर दुसरा जातीचा असतो. पुरुषाच्या सन्मानार्थ नाव ठेवावयाचे, तर लॅटिनच्या रीतीने त्याच्या नावापुढे ‘ई’ जोडतात. या कोळ्याचे नाव ठेवले ‘इसियस तुकारामी’.

तुकाराम म्हणताच देहूच्या संतांची आठवण व्हावी, हे साहजिक आहे. परंतु हे तुकाराम म्हणजे मुंबई पोलीस दलातील सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीपाशी त्यांनी दहशतवाद्याच्या बंदुकीची नळी नुसत्या हातांनी धरली. गोळ्या लागल्या तरी ती सोडली नाही. म्हणून तो दहशतवादी जिवंत हाती लागला. ओंबळे यांना मात्र वीरमरण आले. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

पुढे अधिक अभ्यासाअंती हा कोळी दुसऱ्या प्रजातीत घालावा लागला, तर नावाचा पहिला शब्द बदलेल. ‘तुकारामी’ हा शब्द तसाच राहील.