विवरणपत्राची गुंतागुंत

दिल्लीत यमुनेच्या पश्चिम काठाजवळ इंद्रप्रस्थ इस्टेट नावाचा सरकारी कचेऱ्यांचा भाग आहे. तेथील एका मोठ्या चौकाला सारे शहर ‘आयटीओ’ म्हणून ओळखते. ही प्राप्तिकर कार्यालयाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत. २०१५ मध्ये तेथे मेट्रोचे स्थानक झाले, तेव्हा त्यालाही हेच नाव मिळाले. कर गोळा करणाऱ्या कचेरीचे नाव शहराच्या रोजच्या बोलण्यात इतके रुळावे, हे भाग्य फार थोड्या सरकारी खात्यांच्या वाट्याला येते. या चौकातून ये-जा करणाऱ्या पगारदारांपैकी क्वचितच कोणाला आज त्या कचेरीची पायरी चढावी लागते. विवरणपत्रे संगणकावरून भरली जातात आणि त्यांची प्राथमिक तपासणी बंगळूर येथील केंद्रात होते. असे असूनही जुलै महिना उजाडला की हा वर्ग अस्वस्थ होतो. कागद शोधले जातात, शेजारच्या जाणकाराला विचारले जाते, सनदी लेखापालाकडे खेपा सुरू होतात. मुदत टळली तर ५,००० रुपयांपर्यंत विलंबशुल्क पडते. चुकीचा आकडा भरला तर नोटीस येईल ही धास्ती त्याहून मोठी असते.

वास्तविक या माणसाचा कर बहुधा आधीच भरला गेलेला असतो. मालक दरमहा पगारातून तो कापून घेतो व सरकारजमा करतो. यालाच उगमस्थानी करकपात म्हणतात. मग ज्याचा कर पोहोचला आहे, त्याने पुन्हा तेच आकडे सरकारला का कळवावेत? आणि कळवायचेच असतील तर ते एवढे अवघड का असावे? बेरीज-वजाबाकी व टक्केवारी यांपलीकडचे गणित तर त्यात नसते. अडचण गणितात नसून, कोणता आकडा कोठे व किती धरावयाचा हे ठरविण्यात आहे.

ही अडचण कशी वाढत गेली हे थोडक्यात पाहू. १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये हा कर हिंदुस्थानात आणला. १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न करातून वगळले. १९२२ च्या कायद्याने कराचे दर मूळ कायद्यात न ठेवता दरवर्षीच्या वित्त अधिनियमावर सोपविले. ही सोय व्यवहार्य होती, परंतु तिच्यामुळे प्रत्येक अर्थसंकल्पाला कायद्यात हात घालण्याची एक वार्षिक संधीही मिळाली. १९६१ च्या कायद्यात आरंभी २९८ कलमे होती. शेवटच्या कलमाचा क्रमांक अखेरपर्यंत २९८ च राहिला; मात्र मधल्या क्रमांकांना अक्षरांच्या शेपट्या फुटत गेल्या. ८०-सी, ८०-डी, ८०-डीडी, ८०-डीडीबी; पुढे ११५-बीएसी. २०२५ मध्ये मोजदाद झाली तेव्हा कलमांची संख्या ८१९ वर गेलेली होती. यांतील कोणतेही कलम निष्कारण आलेले नाही. लोकांनी बचत करावी, विमा उतरावा, घर बांधावे, आजारी आप्ताचा खर्च सोसणाऱ्याला थोडा दिलासा मिळावा, असा प्रत्येकामागे काही ना काही हेतू होता. अनेक हेतू एकाच कायद्यात कोंबले की काय होते, ते उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल.

कनॉट प्लेसमधील एकाच खाजगी कंपनीत काम करणारे दोन कर्मचारी कल्पू. दोघांचे मूळ वेतन दरमहा ८०,००० रुपये आणि घरभाडे भत्ता ४०,००० रुपये आहे. दोघेही ४८,००० रुपये भाडे देतात. एक मयूर विहारमध्ये राहतो, दुसरा नोएडात. दोन्ही वस्त्या यमुनेच्या पलीकडे एकमेकींना लागून आहेत आणि मेट्रोच्या एकाच मार्गावर आहेत. फरक इतकाच, की मयूर विहार दिल्लीत आहे आणि नोएडा उत्तर प्रदेशात.

१९६२ च्या प्राप्तिकर नियमावलीप्रमाणे घरभाडे भत्त्यावरील सूट ठरविताना तीन रकमा काढून त्यांतील सर्वांत लहान रक्कम घ्यावयाची असे. पहिली रक्कम प्रत्यक्ष मिळालेला भत्ता. दुसरी, भाड्यातून वेतनाचा दशांश वजा करून उरणारी रक्कम. तिसरी, घर मुंबई, कोलकाता, दिल्ली किंवा चेन्नई येथे असल्यास वेतनाच्या ५० टक्के, अन्यत्र असल्यास ४० टक्के. आपल्या उदाहरणात पहिल्या दोन्ही रकमा ४०,००० येतात. तिसरी मयूर विहारच्या रहिवाशासाठी ४०,००० आणि नोएडाच्या रहिवाशासाठी ३२,००० येते. म्हणजे दुसऱ्याची सूट दरमहा ८,००० रुपयांनी, वर्षाला ९६,००० रुपयांनी कमी झाली. नोकरी तीच, भाडे तेच. मध्ये फक्त राज्याची सीमा. मुंबईकर वाचकाला मुलुंड आणि ठाणे यांच्यामध्ये अशीच रेषा आढळेल.

आता २०२५-२६ च्या उत्पन्नास लागू असलेल्या दरांनी हिशेब पुढे नेऊ. दोघांचे वार्षिक वेतन भत्त्यासह १४,४०,००० रुपये होते. दोघांनीही भविष्य निर्वाह निधी वगैरेत ८०-सी खालील कमाल दीड लाख रुपये गुंतविले आहेत असे धरू. जुन्या पद्धतीप्रमाणे ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट, ही गुंतवणूक व घरभाड्याची सूट वजा केल्यावर मयूर विहारच्या गृहस्थाचे करपात्र उत्पन्न ७,६०,००० उरते आणि उपकरासह कर ६७,०८० रुपये होतो. नोएडाच्या गृहस्थाचे करपात्र उत्पन्न ८,५६,००० आणि कर सुमारे ८७,०५० रुपये. परंतु २०२० पासून दुसरी, नवी पद्धतही आहे. तिच्यात दर कमी आहेत, पण घरभाडे, बचत यांसारख्या बहुतेक सवलती नाहीत. प्रमाणित वजावट मात्र ७५,००० रुपये मिळते. त्या पद्धतीने दोघांचाही कर ८८,१४० रुपये येतो.

यावरून काय दिसते? मयूर विहारच्या गृहस्थास जुनी पद्धत एकवीस हजारांनी स्वस्त पडते. नोएडाच्या गृहस्थाला दोहोंत जेमतेम अकराशे रुपयांचा फरक पडतो. त्याने गुंतवणूक थोडी जरी कमी केली असती, तरी नवी पद्धत त्याला लाभदायक ठरली असती. आणि हे कळण्यासाठी दोघांनाही दोन्ही पद्धतींनी संपूर्ण हिशेब करावाच लागतो. नवी पद्धत स्वतःपुरती सोपी आहे यात शंका नाही. बारा लाखांपर्यंतच्या पगारदाराला तर तिच्यात करच बसत नाही व त्याला निवडीचा विचारही करावा लागत नाही. पण एक अवघड कायदा तसाच ठेवून त्याच्या शेजारी एक सोपा कायदा उभा केला, तर त्या वरच्या मध्यमवर्गाच्या वाट्याला दोन कायदे येतात आणि त्यांच्या तुलनेचे काम तिसरे.

शहरी कागदपत्रांपलीकडची आणखी एक बाब मराठी वाचकाच्या परिचयाची असेल. नोकरीनिमित्त दिल्लीस स्थायिक झालेल्या कित्येकांची गावाकडे थोडी वडिलोपार्जित जमीन असते. संविधानाने शेतीच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे, केंद्राला नाही. तथापि के. एन. राज समितीच्या अहवालानंतर १९७३ पासून अशी युक्ती योजण्यात आली, की शेतीच्या उत्पन्नावर कर बसवावयाचा नाही, पण इतर उत्पन्नाला कोणता दर लागेल हे ठरविताना ते जमेस धरावयाचे. त्यासाठी कराचा हिशेब दोनदा करून एकातून दुसरा वजा करावा लागतो. शिवाय शेतीचे उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांहून अधिक झाले, की ‘सहज’ नावाचा सर्वांत छोटा नमुना वापरता येत नाही. एका वर्षी ऊस बरा गेला एवढ्या कारणाने दिल्लीतील कारकुनाच्या विवरणपत्राची पाने वाढावीत, यात विनोद आहे; पण तो भरणाऱ्याला तो जाणवत नाही.

सुलभीकरणाचे प्रयत्न झाले नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. १९९८ मध्ये अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी ‘सरल’ नावाचे एकपानी विवरणपत्र आणले. पान एक झाले, तरी त्यावर लिहावयाचे आकडे काढण्यासाठी वेगळ्या कागदावर सगळा हिशेब करावाच लागे. कायदा लांब राहिला आणि नमुना आखूड झाला, तर लांबी कोठे तरी दुसरीकडे सरकते इतकेच. उलट दिशेचाही अनुभव आला. एप्रिल २०१५ मध्ये जाहीर झालेल्या चौदा पानी नमुन्यात परदेश प्रवासाचा व सर्व बँक खात्यांचा तपशील मागितला होता. त्यावर इतकी टीका झाली, की पुढच्याच महिन्यात मुख्य भाग तीन पानांवर आणावा लागला.

मूळ कायदाच आटोपशीर करण्याची शिफारस २००२ मध्ये विजय केळकर यांच्या कृतिदलाने केली होती. बहुतेक सवलती काढाव्यात आणि दर उतरवावेत, असा तिचा मथितार्थ. सवलती ज्यांना मिळत होत्या त्यांचा विरोध झाला आणि त्या मोठ्या प्रमाणात तशाच राहिल्या. २०१० चे प्रत्यक्ष कर संहिता विधेयक २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच व्यपगत झाले. अखेर २०२५ चा प्राप्तिकर अधिनियम संमत झाला आणि १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा दिवस ठरला. त्यात ८१९ कलमांऐवजी ५३६ कलमे आहेत, सुमारे ५.१२ लाख शब्दांचा मजकूर २.६ लाख शब्दांवर आला आहे. ‘पूर्व वर्ष’ व ‘निर्धारण वर्ष’ ही जोडी जाऊन ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आला, ही सुधारणा विशेष स्वागतार्ह म्हटली पाहिजे. एका वर्षी मिळविलेल्या पैशाला पुढच्या वर्षाचे नाव देण्याच्या पद्धतीमुळे चलनावर भलतेच वर्ष लिहिले जाई व भरलेला कर हिशेबात सापडत नसे. परंतु भाषा सुधारणे हाच या कायद्याचा उद्देश होता, धोरण बदलणे हा नव्हता. दोन पद्धती त्यात कायम आहेत.

सवलती सरसकट काढाव्यात, असे म्हणणे सोपे आहे. अपंग अपत्याचा सांभाळ करणाऱ्या बापाला तसे सांगणे कठीण आहे. जुन्या पद्धतीत तीव्र अपंगत्व असलेल्या अवलंबितासाठी १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती नाही. कायदा सोपा करताना विषम परिस्थितीतील माणसे सारखीच मानली जातात, हा आक्षेप खोटा नाही. पण हीच वजावट जरा निरखून पाहावी. तीस टक्के दराने कर देणाऱ्याचे तिच्यामुळे, उपकर सोडून, ३७,५०० रुपये वाचतात. पाच टक्केवाल्याचे ६,२५०. आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, अशा मजुराच्या हाती काहीच पडत नाही. साहाय्य करावयाचे तर ते उघड अनुदान म्हणून द्यावे, म्हणजे ते गरजेप्रमाणे पोहोचेल आणि विवरणपत्रही हलके होईल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते अनुदान आधी प्रत्यक्ष मिळू लागावे आणि मग वजावट जावी, हा क्रम मात्र उलटता कामा नये.

राहिला प्रश्न तेच आकडे पुन्हा कळविण्याचा. ब्रिटनमध्ये १९४४ पासून पगारातून कर अशा रीतीने कापला जातो, की वर्षअखेरीस कापलेला व देय कर साधारणपणे जुळावा. त्यामुळे तेथील बहुसंख्य नोकरदारांना विवरणपत्र भरावेच लागत नाही. आपल्याकडे माहितीची उणीव नाही. नोव्हेंबर २०२१ पासून ‘वार्षिक माहिती विवरण’ उपलब्ध आहे. पगार, बँकेचे व्याज, लाभांश, शेअरांची खरेदी-विक्री, सारे त्यात स्थायी खाते क्रमांकाखाली नोंदलेले असते. त्यात चुका होतात. पण आकडे आधी खात्याने भरावेत व करदात्याने तपासावेत, ही दिशा योग्यच आहे. आज आकडे आयते आले, तरी त्यांच्या अचूकपणाची जबाबदारी करदात्यावरच राहते.

विवरणपत्रावाचून चालू शकते, हे सरकारने स्वतः दोनदा मान्य केले आहे. २०११ मध्ये पाच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या नोकरदारांना, बचत खात्यावरील व्याज १०,००० रुपयांच्या आत असून सर्व कर मालकाने कापला असल्यास, विवरणपत्रातून मुक्त करण्यात आले. दोन निर्धारण वर्षांनंतर, आता संगणकावरून विवरणपत्र भरणे सोपे झाले आहे, या कारणाने ती मोकळीक बंद झाली. काम सोपे झाले म्हणून अनावश्यक काम पुन्हा सुरू करावे, हा तर्क पटण्यासारखा नाही. दुसरी तरतूद २०२१ मधील आहे. पंचाहत्तर वर्षांवरील ज्या नागरिकाला केवळ निवृत्तिवेतन व त्याच बँकेतील व्याज मिळते, त्याचा कर बँकेनेच हिशेब करून कापावयाचा आणि त्याने विवरणपत्र भरावयाचे नाही, अशी ती सोय आहे. निवृत्तिवेतन एका बँकेत आणि ठेव दुसऱ्या बँकेत असली, तर मात्र ही सोय लागू होत नाही. जरी दोन्ही बँकांनी आपापले आकडे त्याच एका स्थायी खाते क्रमांकाखाली खात्याला कळविलेले असले, तरीही.