‘ऊर्ध्व’ या पदाचा अर्थनिर्णय

‘ऊर्ध्व’ म्हणजे वर, वरच्या दिशेचा. ऊर्ध्वबाहू, ऊर्ध्वमुख इत्यादी समासांत हाच अर्थ आहे. मरणासन्न मनुष्याचा श्वास वर ओढू लागला म्हणजे ‘ऊर्ध्व लागला’ असे मराठीत म्हणतात. आणि देह पडल्यावर त्या जीवास ‘ऊर्ध्वगती’ लाभो, अशी इच्छा आप्तजन करितात. परंतु ऊर्ध्वगती म्हणजेच मोक्ष काय? याचा निर्णय केल्यावाचून साध्य निश्चित होत नाही.

श्रीमद्भगवद्गीतेतील या पदाचे प्रयोग पाहावेत. अध्याय १४, श्लोक १८ मध्ये सत्त्वस्थ वर जातात, असे श्रीकृष्ण भगवंतांनी निरूपिले आहे. म्हणजे ऊर्ध्वगमन हे सत्त्वगुणाचे फळ होय. पण सत्त्वगुणही सुखाच्या व ज्ञानाच्या संगाने जीवास बांधतो, हे त्याच अध्यायाच्या ६ व्या श्लोकात सांगितलेले आहे. आणि अमृतत्व तिन्ही गुण ओलांडणाऱ्यासच, हे २० व्या श्लोकात.

अध्याय १५ मध्ये संसारवृक्षाचे मूळ वर सांगून, लगेच दुसऱ्या श्लोकात त्याच्या शाखा खाली तशाच वरही पसरल्याचे सांगितले आहे. तिसऱ्या श्लोकात हा वृक्ष असंगशस्त्राने छेदावा, अशी आज्ञा आहे. शाखा वर गेली, तरी ती त्याच वृक्षाची. खालची शाखा सोडून वरची धरणारा वृक्षावरून उतरला असे होत नाही.

हाच आपल्या शास्त्राचा सिद्धांत आहे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांत देवता नित्यबद्ध, तर परमेश्वर एकच नित्यमुक्त. देवतेचे फळ कितीही उंच असो, ते भोगून सरते व जीवास परतावे लागते. जी स्वतः बद्ध, ती दुसऱ्यास कशी सोडविणार?

आता अध्याय १२, श्लोक ८ पाहावा. तेथे मन व बुद्धी परमेश्वराच्या ठायी ठेवणाऱ्यास त्याच्याच ठायी निवास सांगताना ‘अत ऊर्ध्वम्’ असा प्रयोग आहे. येथे ‘ऊर्ध्व’ दिशावाचक नसून कालवाचक आहे. ‘यानंतर’ एवढाच त्याचा अर्थ. परमेश्वरप्राप्तीच्या प्रसंगी वर चढण्याची गोष्टच नाही, अनन्यतेची आहे.

म्हणून साधकाने आपण किती वर जाऊ हे मोजू नये. मन कोणाच्या ठायी ठेविले आहे, हे पाहावे. दंडवत प्रणाम.