बंद पडलेला लॅपटॉप आणि गावाचे दप्तर

मुंबई-गोवा महामार्गावर खेड सोडून चिपळूणच्या दिशेने निघाले की वाटेत लोटे लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील हे गाव लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीमुळे महाराष्ट्रभर परिचित झाले आहे. रासायनिक कारखान्यांच्या या परिसराभोवती भातशेती आणि आंबा-काजूच्या बागा सांभाळणाऱ्या वाड्याही आहेत. कारखान्याचे भांडार असो, शाळेची कचेरी असो की ग्रामपंचायतीचे कार्यालय असो, एक साधन मात्र आता सर्वत्र आढळते. ते म्हणजे संगणक. जागा थोडी लागते, वीज गेली तरी काही काळ काम चालू राहते आणि बैठकीसाठी तालुक्याला नेता येतो, म्हणून कोकणातील छोट्या कार्यालयांना लहान लॅपटॉप विशेष सोयीचा वाटतो.

२००७ नंतर अशा छोट्या, हलक्या आणि स्वस्त लॅपटॉपांचा प्रसार झाला. वजन व किंमत कमी करण्यासाठी त्यांतून जे भाग वगळण्यात आले, त्यांत डिस्क वाचणारी खाच ही प्रमुख होय. एरवी तिची उणीव भासत नाही. परंतु एके दिवशी यंत्र चालू केल्यावर काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटतात आणि पुढे काहीच घडत नाही. कपाटात जपून ठेवलेली डिस्क हाती असूनही ती घालावी कोठे, हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. यंत्र निकामी समजून कपाटात टाकले जाते, किंवा घाईने दुरुस्तीला दिले जाते आणि ते पूर्ववत चालू होऊन येते. पण आतील सर्व मजकूर पुसून! दुसऱ्या प्रकारचे नुकसान अधिक मोठे असते. कारण यंत्र पुन्हा विकत घेता येते, दप्तर विकत घेता येत नाही.

दप्तर आणि कारभारी

संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या मूलभूत आज्ञावलीला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज आणि लिनक्स ही तिची परिचित उदाहरणे. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर आणणे, मजकूर साठवून ठेवणे, छपाई यंत्राला काम सांगणे ही तिची कामे. कार्यालयाच्या भाषेत सांगावयाचे तर ती कारभारी आहे आणि आपण लिहिलेली पत्रे, तक्ते व छायाचित्रे हे दप्तर आहे. कारभाऱ्याची बदली झाली म्हणून दप्तर जाळले जात नाही. उलट त्याची यादी होते, ताबा दिला-घेतला जातो आणि मगच नवा माणूस रुजू होतो. ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसविताना नेमका हाच क्रम पाळावयाचा असतो.

शासकीय संकेतस्थळांवर भरलेली माहिती दूरच्या सर्व्हरवर असते. ती लॅपटॉपबरोबर नाहीशी होत नाही. ग्रामपंचायतींसाठी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीतील नोंदी या प्रकारच्या होत. मात्र मासिक सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा, नमुना ८ व नमुना ९ साठी तयार केलेले घरपट्टीचे तक्ते, पाणीपट्टीची थकबाकी, शाळेची निकालपत्रके, पूर्ण झालेल्या कामांची छायाचित्रे यांची एकच प्रत पुष्कळदा त्या लॅपटॉपमध्येच असते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार संगणकाने निर्माण केलेले साहित्यही अभिलेखात मोडते. म्हणून 'यंत्र बिघडले, माहिती गेली' हे उत्तर नागरिकाचे समाधान करू शकत नाही आणि कार्यालयाची जबाबदारीही संपवू शकत नाही.

बिघाड कोठे आहे?

प्रत्येक बिघाडावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम हा उपाय नव्हे. पडद्यावर काहीच उमटत नसेल, तर चार्जर, बॅटरी किंवा पडदा यांची तपासणी आधी करावी. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर तो भागच निकामी होत चालला आहे असे समजावे. अशा वेळी यंत्र पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे घातक ठरते. ते बंद करून जाणकाराकडे सोपवावे. कित्येक लहान लॅपटॉपांची साठवण अवघी ३२ जीबी असते. ती भरून गेली की यंत्र मंदावते. तेथे अनावश्यक मजकूर काढून टाकणे एवढाच उपाय पुरतो.

कंपनीचे बोधचिन्ह दिसते, परंतु विंडोज सुरू होत नाही, हे मात्र ऑपरेटिंग सिस्टीम बिघडल्याचे नेहमीचे लक्षण. विंडोज १० व ११ या आवृत्त्या काही वेळा सुरू होण्यात अपयशी ठरल्या की दुरुस्तीचा पडदा आपोआप दाखवितात. त्यातील 'रीसेट' या पर्यायात आपला मजकूर राखून विंडोज पुन्हा बसविण्याची सोय आहे. वेगळ्या बसविलेल्या आज्ञावल्या तेवढ्या नाहीशा होतात. हा पर्याय चालला तर पुढील खटाटोप वाचतो. तरीही त्यापूर्वी मजकुराची नक्कल करून घेणेच शहाणपणाचे.

पेन ड्राइव्ह हीच डिस्क

डिस्कच्या खाचेचे काम आता पेन ड्राइव्ह करतो. ८ जीबी किंवा त्याहून मोठा, रिकामा पेन ड्राइव्ह घ्यावा. कारण या कामात त्यातील पूर्वीचे सर्व पुसले जाते. तो तयार करण्यासाठी दुसरा चालू संगणक व इंटरनेट जोडणी लागते. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावर एक साधन विनामूल्य मिळते. ते आवश्यक मजकूर उतरवून घेते आणि पेन ड्राइव्हही तयार करते. लिनक्सची एकच मोठी फाइल उतरवून घ्यावी लागते. ती पेन ड्राइव्हवर नुसती ठेवून भागत नाही; रुफससारख्या आज्ञावलीने ती लिहावी लागते, तरच संगणक त्यावरून सुरू होतो. उतरविलेली फाइल अखंड आहे की नाही, हे संकेतस्थळावर दिलेल्या पडताळणी-अंकाशी ताडून पाहावे. अनोळखी ठिकाणची 'तयार प्रत' वापरणे म्हणजे कार्यालयाची किल्ली परक्याच्या हाती देण्यासारखे आहे.

कोणती ऑपरेटिंग सिस्टीम निवडावी, याचा निर्णय यंत्राच्या कुवतीवर अवलंबून असतो. विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-योजना आवश्यक आहे. जुन्या लहान लॅपटॉपांपैकी पुष्कळांना ही अट पुरी करता येत नाही. त्यांच्यासाठी लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या उपयुक्त ठरतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्सवर आधारित प्रणाली उपलब्ध करून दिली. शाळेचे लेखन, तक्ते आणि संकेतस्थळांवरील कामे लिनक्सवर सुखेनैव होतात. मात्र डिजिटल स्वाक्षरीचे टोकन किंवा हिशेबाची विशिष्ट आज्ञावली केवळ विंडोजवर चालणारी असू शकते. ही चौकशी आधी करावी, नंतर नव्हे.

आधी नक्कल

बिघडलेल्या लॅपटॉपमधील मजकूर बाहेर काढण्याचा मार्ग पुष्कळांना ठाऊक नसतो. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्या यंत्रावर न बसविता थेट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. जुना कारभारी निजलेला असतानाच हा तात्पुरता कारभारी कपाट उघडून दाखवितो. दुसरा पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क जोडून आतील मजकूर तिच्यावर उतरवून घ्यावा.

मजकूर 'डॉक्युमेंट्स' मध्येच असतो असे नाही. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि हिशेबाच्या आज्ञावलीचा स्वतंत्र कप्पा हेही पाहावेत. काही लॅपटॉपांवर बिटलॉकर या कुलूप-योजनेने मजकूर सांकेतिक स्वरूपात ठेवलेला असतो. तेथे ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली लागते. ती बहुधा संबंधिताच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. नक्कल झाल्यावर चार-दोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडलेली नक्कल ही नक्कल नव्हे.

येथे मराठी कार्यालयांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष पुरवावे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीचे लेखन श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या पद्धतीच्या फाँटांत झालेले असते. नव्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ते फाँट नसतात. त्यामुळे जुना ठराव उघडताच मराठीऐवजी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा गोंधळ दिसतो. मजकूर नष्ट झाला असे समजून अशा फाइली टाकून दिल्या जाण्याचा धोका असतो. वस्तुतः त्या शाबूत असतात. म्हणून विंडोजच्या 'फाँट्स' या कप्प्याचीही नक्कल घ्यावी आणि सवडीने महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये परिवर्तित करावा.

प्रत्यक्ष स्थापना

आता मुख्य काम. चार्जर जोडावा आणि बॅटरीही भरलेली असावी. कोकणातील पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि स्थापना अर्ध्यावर तुटली तर ती पुन्हा प्रथमपासून करावी लागते. पेन ड्राइव्ह लावून यंत्र चालू करताच ठरावीक कळ वारंवार दाबावी. डेल व लेनोव्हो यांच्या पुष्कळ यंत्रांत ती एफ-१२ असते. एचपीमध्ये एस्केप व नंतर एफ-९ असते. एसरमध्ये एफ-१२ ची सोय कधीकधी आधी एफ-२ ने उघडणाऱ्या मांडणीत जाऊन चालू करावी लागते. पडद्यावर येणाऱ्या यादीतून पेन ड्राइव्ह निवडावा. तो यादीत दिसत नसेल, तर यंत्र ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे, हे पाहावे. काही लहान लॅपटॉपांत प्रोसेसर ६४ बिटचा, पण सुरुवातीची अंगभूत आज्ञावली ३२ बिटची असते. त्यांना त्याच जातीचा पेन ड्राइव्ह लागतो.

यापुढील सूचना पडद्यावरच मिळतात. अतिशय सावध राहावयाचे ते एकाच ठिकाणी. ऑपरेटिंग सिस्टीम कोणत्या साठवणीवर बसवावी, असे विचारले जाते तेव्हा यादीत लॅपटॉपची साठवण व पेन ड्राइव्ह दोन्ही दिसू शकतात. आकार पाहूनच निवड करावी आणि नक्कल घेतलेली हार्ड डिस्क त्या वेळी जोडलेलीच नसावी. येथे चुकलेले बोट परत घेता येत नाही.

विंडोजच्या परवान्याबद्दल विनाकारण धास्ती बाळगली जाते. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून, कंपनीने विंडोजसह विकलेल्या यंत्रांत परवान्याची किल्ली सामान्यतः यंत्रातच नोंदलेली असते. तीच आवृत्ती निवडल्यास ती आपोआप ओळखली जाते. त्याहून जुन्या यंत्रांत ती तळाच्या चिकटपट्टीवर छापलेली असते. अक्षरे पुसट होण्यापूर्वी ती उतरवून ठेवावी.

स्थापना झाल्यावर वाय-फाय चालले नाही, तर त्याचे ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावरून आणावे लागते. ते आधीच पेन ड्राइव्हवर ठेवल्यास खोळंबा होत नाही. दिनांक व वेळ तपासावी. दिनांक चुकला असेल, तर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि दोष इंटरनेटला दिला जातो. त्यानंतर सुरक्षा-दुरुस्त्या, मराठी कळफलक, छपाई यंत्र व स्वाक्षरी-टोकनचे ड्रायव्हर असा क्रम ठेवावा आणि दप्तर परत आणावे. नक्कल मात्र पुसू नये.

गावाची शिदोरी

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. दुकाने व कार्यालये यांतील कागदांबरोबर यंत्रेही भिजली. ज्यांची एक प्रत अन्यत्र सुरक्षित होती, त्यांचे काम पुन्हा उभे राहणे सोपे झाले. बंद पडलेला लॅपटॉप हे त्याच संकटाचे छोटे रूप होय. त्याची तयारी पूर येण्यापूर्वी, यंत्र चालू असतानाच करावयाची असते.

ही तयारी खर्चिक नाही. दोन पेन ड्राइव्ह, एक बाहेरची हार्ड डिस्क आणि एक वही एवढे साहित्य पुरते. यंत्राचा नमुना, सुरुवातीची कळ, परवान्याची किल्ली, बसविलेल्या आज्ञावल्या आणि शेवटची नक्कल घेतल्याचा दिनांक यांची नोंद वहीत असावी व ती कार्यालय-प्रमुखाच्या कुलपात राहावी. नक्कल त्याच खोलीत न ठेवता उंचावरील दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवावी. मासिक सभेच्या आदल्या दिवशी नक्कल घेण्याचा प्रघात पाडला, तर विसर पडत नाही. लोट्याजवळ लवेल येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. औद्योगिक वसाहतीत संगणक जाणणारे तंत्रज्ञ आहेत. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी अशा जाणकारांच्या मदतीने अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक घडवून आणल्यास गावातील चार-पाच तरुण सहज तयार होऊ शकतील.

डिस्कची खाच नसणे ही उणीव आता राहिलेली नाही. उणीव राहते ती सवयीची. गावच्या घरपट्टीची नोंद, एखाद्या मुलीचे निकालपत्र, वाडीच्या पाणी योजनेचा ठराव ही माणसांच्या हक्काची कागदपत्रे आहेत. यंत्र आज ना उद्या बंद पडणारच. त्या दिवशी दप्तर सुरक्षित असल्याचे ग्रामस्थांना सांगता यावे, हीच संगणकीकरणाची खरी कसोटी होय.